भिंतीतली जुनी तार

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ठाकुर्ली-डोंबिवली परिसरात ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या जाहिरातपत्रकांत ‘कन्सील्ड वायरिंग’ आणि ‘टी.व्ही. पॉइंट’ असे दोन शब्दप्रयोग पुष्कळदा आढळत. पहिल्यात चाळ सोडून आलेल्या माणसाला दिलेले आश्वासन होते. भिंतीवरच्या लाकडी पट्ट्यांना खिळलेल्या तारा आता दिसणार नव्हत्या. दुसऱ्यात मात्र आश्वासनापेक्षा काही अधिक होते. राहणारे अजून यायचे असताना ते कोणत्या भिंतीकडे तोंड करून बसतील, हे बांधणाऱ्याने ठरवून टाकलेले असे. घराचा नकाशा हा एका अर्थी त्यात राहणाऱ्यांविषयी केलेला तर्क असतो. टी.व्ही. पॉइंट हे त्या तर्कातले सर्वांत स्पष्ट विधान म्हणावे लागेल.

आम्ही राहतो ते घर आम्ही दुसऱ्या हाताने घेतले. त्यात असे तीन पॉइंट होते: एक दिवाणखान्यात, एक मधल्या खोलीत आणि एक अगदी आतल्या खोलीत. बरीच वर्षे त्यांतले शेवटचे दोन आम्हांला केवळ पांढऱ्या प्लास्टिकच्या चकत्या म्हणून ठाऊक होते. त्यांच्याकडे वळून पाहण्याची निकड निर्माण झाली ती आईंमुळे. आई म्हणजे आम्हां दोघांपैकी एकीच्या सासूबाई. निवृत्त होईपर्यंत त्यांनी शाळेत मराठी शिकवले. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून त्यांचा वावर आतल्या खोलीपुरता उरला. दर रविवारी त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांचे एक वाचनमंडळ भरते. करोनाच्या काळापासून ते संगणकाच्या पडद्यावर भरू लागले आणि तसेच राहिले. इंटरनेटची जोडणी दिवाणखान्यात येते. तिथून आतल्या खोलीपर्यंत तीन भिंती आणि एक लोखंडी कपाट पार करता करता वायफायचा जीव जातो. परिणामी आईंना बाकीच्यांचे बोलणे तुटक का होईना ऐकू येई, पण त्यांचे बोलणे पलीकडे पोहोचत नसे. कालांतराने त्यांनी बोलण्याचा प्रयत्नच सोडला. मंडळातल्या इतरांनाही त्यांच्या मौनाची सवय झाली.

सरळ उपाय नवी तार टाकण्याचा होता. वायरमनने आधी जुन्या केबलला नवी तार बांधून ती आत ओढता येते का, ते पाहिले. केबल तसूभरही हलली नाही. मग भिंतीला खाच पाडण्याचा प्रस्ताव आला. तो मान्य करणे ठाकुर्लीत सोपे नाही. जुलै २०१५ मध्ये येथील मातृकृपा ही तीन मजली जुनी इमारत कोसळून नऊ जणांचा जीव गेला. तेव्हापासून या भागातल्या जुन्या इमारतीत छिन्नी-हातोड्याचा आवाज झाला की शेजारी दारात येऊन उभे राहतात, आणि ते उभे राहतात हे योग्यच आहे. तारेसाठी पाडलेल्या उथळ खाचेने इमारत पडत नाही, हे आम्हांलाही कळते. परंतु वरच्या मजल्यावर झोपणाऱ्या माणसाच्या भीतीला हे उत्तर पुरत नाही. तेव्हा भिंतीत जे आधीपासून आहे त्यातूनच काही साधते का, हे पाहणे भाग होते.

भिंतीत होती ती कोॲक्सिअल केबल, म्हणजे एकाच अक्षाभोवती रचलेली तार. मध्ये एक धातूची तार, तिच्याभोवती फेसाळ प्लास्टिकचा थर, त्यावर पत्रा आणि जाळी, आणि सर्वांत बाहेर काळे आवरण. ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० साली इंग्लंडमध्ये अशा रचनेचे पेटंट घेतले होते. बाहेरची जाळी आतल्या संदेशाला बाहेरच्या गोंगाटापासून वाचवते आणि आतला संदेश बाहेर सांडू देत नाही. दूरचित्रवाणीसाठी वापरली जाणारी ही केबल ७५ ओहमची असते.

आमच्याकडे ती येण्याआधीचा इतिहासही थोडक्यात सांगायला हवा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा संदेश आकाशातून यायचा. गच्चीवरच्या ॲन्टेना वरळीच्या दिशेला वळवलेल्या असत आणि त्यांच्यापासून चपटी दुपदरी तार भिंतीवरून लोंबत खिडकीतून आत येई. १९९१च्या आखाती युद्धाने आणि त्याच वर्षी आलेल्या उपग्रहवाहिन्यांनी केबलवाल्याला घरोघरी नेले. १९९५ साली त्याच्यासाठी कायदाही झाला. ॲनालॉगच्या त्या काळात एका जोडणीला स्प्लिटर लावला की घरातल्या हव्या तितक्या संचांना चित्र मिळे, आणि म्हणूनच प्रत्येक खोलीत पॉइंट काढून ठेवण्यात अर्थ होता. पुढे डिजिटायझेशन आले. मुंबई शहरात २०१२च्या अखेरीस आणि आमच्या भागात त्यानंतरच्या टप्प्यात, २०१३ मध्ये. आता प्रत्येक संचाला स्वतंत्र सेट-टॉप बॉक्स लागू लागला. त्यामुळे आतल्या खोल्यांमधले पॉइंट कोणीही न तोडता मुके झाले. आमच्या घरातले दोन पॉइंट मुके होते, याचे कारण तारेत नव्हते. तिच्या एका टोकाला जी व्यवस्था होती, ती बदलली होती.

एखादी तार जिवंत आहे की नाही, ती कुठून निघते आणि कुठे जाते, हे कळण्याची रीत साधी आहे. एका टोकाशी मधली तार आणि जाळी एकमेकींना टेकवायची आणि दुसऱ्या टोकाशी मीटर लावून पाहायचे. मीटर वाजला तर दोन्ही टोके एकाच तारेची. आमच्याकडे दिवाणखान्यातून निघालेली तार आतल्या खोलीत सरळ पोहोचत नव्हती. मध्ये कुठेतरी ती थांबत होती. शोध घेता मधल्या खोलीतल्या एका कोऱ्या चकतीमागे जुना स्प्लिटर सापडला आणि पॅसेजच्या माळ्यावर, पत्रिकांच्या गठ्ठ्यांमागे, एक बंद पडलेला ॲम्प्लिफायर. दोन ठिकाणी तारा नुसत्या पीळ देऊन चिकटपट्टीने गुंडाळलेल्या होत्या. प्रत्येक जोड वेगळ्या हाताचा होता.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या कामात ओळखीचे काही भासल्यावाचून राहत नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. तोवर हातोहात नकला होताना तिच्यात कितीतरी पाठभेद शिरले होते. प्रती मिळवून, ताडून, शिरलेले काढून टाकणे हे एकनाथांनी आपले काम मानले, आणि पुढच्या कोणी त्यात आपली ओवी घालू नये असेही बजावले. स्वतः एवढा समर्थ कवी असलेल्या माणसाने हे केले, याचे महत्त्व आपण वर्गात सांगतो खरे, पण बहुधा भक्तीच्या अंगाने सांगतो. त्यामागे कारागिराची एक समजही आहे. हाती आलेली वस्तू निकामी वाटते तेव्हा ती मुळातच निकामी आहे की मधल्या हातांनी तिच्यावर काही चढवले आहे, हे आधी तपासावे. आमच्या भिंतीतल्या तारेच्या बाबतीत उत्तर दुसरे होते. तार धड होती, जोड बिघडलेले होते.

त्यातही स्प्लिटर आणि ॲम्प्लिफायर यांच्यात फरक करायला हवा. स्प्लिटर संदेश वाटतो. दोघांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला निम्म्याहून थोडी कमी शक्ती येते. ही घट भरून काढायला ॲम्प्लिफायर बसवतात, आणि असा साधा ॲम्प्लिफायर एकाच दिशेने काम करतो. आमच्या माळ्यावरच्या पेटीवर ‘इन’ आणि ‘आउट’ असे कोरलेले होते, मधे एक बाण होता. त्या बाणाकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. तांब्याला दिशा नसते. एका टोकाने घातलेला संदेश दुसऱ्या टोकाला निघतो, आणि दुसऱ्या टोकाने घातलेला पहिल्या. आतल्या खोलीने फक्त घ्यायचे, द्यायचे काही नाही, हा नियम तारेने केलेला नव्हता. तो बाणाने केला होता.

बर्टोल्ट ब्रेश्ट याने १९३२ साली रेडिओविषयी नेमके हेच म्हटले होते. रेडिओ केवळ वाटप करतो. ऐकणाऱ्याला बोलूही देईल असा तो असायला हवा, नाहीतर ऐकणारा एकटा पडतो, असा त्याचा मुद्दा होता. पुढे १९७४ साली रेमंड विल्यम्स यांनी टेलिव्हिजनवरच्या आपल्या पुस्तकात दाखवले की एका केंद्रातून प्रक्षेपण आणि घराघरांत खाजगी ग्रहण ही रचना तंत्राने अपरिहार्य केलेली नव्हती, ती समाजाने आणि बाजाराने निवडलेली होती. हे दोन्ही मजकूर आम्ही विद्यार्थ्यांबरोबर अनेकदा वाचले आहेत. परंतु ही निवड आपल्याच माळ्यावर एका मूठभर पेटीच्या रूपात बसलेली असेल, हे कधी मनात आले नव्हते.

प्रत्यक्ष काम एका दुपारचे निघाले. ॲम्प्लिफायर काढला. पीळ दिलेले जोड कापून तिथे नीट दाबून बसवलेले एफ कनेक्टर लावले. जुना स्प्लिटर केबल टी.व्ही.च्या लहरींपुरता, म्हणजे सुमारे हजार मेगाहर्ट्झपर्यंतचा होता. मधल्या खोलीतला पॉइंट आम्हांला नको होता, म्हणून स्प्लिटरऐवजी दोन तारांना जोडणारा साधा तुकडा बसवला. दोन्ही टोकांना मोका पद्धतीचा एकेक ॲडॅप्टर आला. तो परदेशी राहणाऱ्या एका आप्ताने येताना आणला. या पद्धतीमागची संघटना २००४ साली स्थापन झाली. ती घरातल्या जुन्या कोॲक्सिअल केबलमधूनच इंटरनेट नेते, आणि त्यासाठी केबल टी.व्ही.च्या वरच्या, ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरते. डिशची तार असती तर हे जमले नसते, कारण डिशमधून घरात येणारा संदेश ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असतो आणि दोघांची गाठ पडते. इमारतीच्या मुख्य केबलशी असलेला संबंधही तोडला. आपल्या घरातले बोलणे शेजारच्या भिंतीत जाऊ नये, एवढी मर्यादा दोन्ही बाजूंनी पाळलेली बरी.

त्या रविवारी मंडळात एका जुन्या कथेवर चर्चा चालली होती. कोणीतरी कथेतल्या विधवेच्या शांततेला समंजसपणा म्हटले. आईंनी मध्येच थांबवून विचारले की तिला कोणी काही विचारले होते का. क्षणभर पलीकडे सगळे गप्प झाले, जोडणी तुटली असावी असे आम्हांला वाटले. जोडणी शाबूत होती. इतक्या महिन्यांनी हा आवाज मध्ये येईल याची कोणाला अपेक्षा नव्हती, एवढेच.

यावर समाधान मानून थांबता येईल, पण एक शंका उरते ती नोंदवलीच पाहिजे. तीन पॉइंटांनी घरातली माणसे तीन खोल्यांत वाटली, हा नव्वदीनंतरच्या मध्यमवर्गीय घराचा इतिहास आहे. आतली खोली जगाशी उत्तम जोडली गेली, तर त्या खोलीत जाऊन बसण्याची बाकीच्यांना गरज वाटेनाशी होईल काय? पूर्वी आवाज तुटला की आमच्यापैकी कोणी ना कोणी उठून आत जात असे. आता तसे कारण उरले नाही. जाण्यासाठी आता कारण नसतानाही उठावे लागते, आणि ते आपोआप घडत नाही, असा आमचा अनुभव आहे. आई मात्र या बाबतीत भाबड्या नाहीत. मंडळ संपले की त्या हाक मारतात आणि चर्चेतला कोणता मुद्दा कच्चा होता, ते सांगतात. ही हाक कोणत्याही तारेशिवाय दिवाणखान्यापर्यंत पोहोचते.

ठाकुर्लीला तारांचे अप्रूप नाही. रेल्वेचे चोळा वीजगृह इथलेच. १९२९च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या वीजगृहाने लोकलच्या तारांना वर्षानुवर्षे वीज पुरवली, आणि ऐंशीच्या दशकात ते बंद झाले. पुढे त्या मार्गाच्या तारांतली वीजही बदलली: १५०० व्होल्टच्या डीसीच्या जागी २५,००० व्होल्टची एसी आली, आणि कल्याणपर्यंतचे हे परिवर्तन २०१५ साली पूर्ण झाले. गाड्या मात्र त्याच मार्गाने धावत राहिल्या. खालून जाणाऱ्या प्रवाशांपैकी फार थोड्यांनी मान वर करून पाहिले असेल.

आमच्या घरातल्या तारेला आता कागदी चिठ्ठ्या बांधल्या आहेत, आणि मीटरच्या पेटीच्या दाराला आतून एक साधा नकाशा चिकटवला आहे. कोणती तार कुठून निघते, कुठे जोडली आहे, काय काढून टाकले आणि कोणत्या वर्षी, एवढेच त्यात आहे. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक काळ आणि स्थळ नोंदवून ठेवत, तसे. उद्या हे घर दुसऱ्या कोणाच्या हाती जाईल, आणि या तारेतून त्यांना काय न्यायचे असेल, ते आज आम्हांला सांगता येणार नाही. त्यांना भिंत फोडावी लागू नये आणि आमच्या जोडांना त्यांनी मूळ तार समजू नये, यासाठी तेवढी नोंद पुरेशी आहे.