नाताळनंतरचं व्हिएन्ना

व्हिएन्नाला जायचं म्हटलं की बहुतेक जण डिसेंबर गाठतात. टाऊन हॉलसमोरचा ख्रिसमस बाजार, हातात गरम वाइनचा मग, चार फोटो आणि परत! पण बॉसकडून सुट्ट्या मोजूनच मिळणार असतील, तर जानेवारी-फेब्रुवारी निवडा. डिसेंबरात हे शहर पाहुण्यांसाठी नटतं, नंतर स्वतःसाठी.

तेव्हा ऐन भरात असतो बॉल सीझन. ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी त्याची सुरुवात होते, तीही भर रस्त्यात वॉल्ट्झ नाचून. मग ईस्टरआधीचे उपास सुरू होईपर्यंत चारशेहून अधिक बॉल. गंमत म्हणजे इथे प्रत्येक पेशाचा आपापला बॉल. डॉक्टरांचा वेगळा, शिकाऱ्यांचा वेगळा, मिठाईवाल्यांचा वेगळा, कॉफीहाऊसवाल्यांचा तर थेट हॉफबुर्ग राजवाड्यात! आपल्या ऑफिस पार्टीचं काय घेऊन बसलात?

पांढऱ्या गाऊनमधल्या मुली आणि काळ्या सुटातली मुलं नाचाची सुरुवात करतात. मग घोषणा होते, ‘आल्लेस वाल्त्सर!’ म्हणजे चला, आता सगळ्यांनी नाचा. मध्यरात्री क्वाड्रिल. सूचना देणारा वेग वाढवत नेतो, रांगा एकमेकींत घुसतात आणि सगळा सावळागोंधळ. नाच न येणाऱ्यांची खरी धमाल इथेच.

सगळ्यात झगमगीत अर्थातच स्टेट ऑपेरातला ऑपेरा बॉल. त्यासाठी खुर्च्या काढून अख्ख्या प्रेक्षागृहाचा डान्सफ्लोअर करतात. पण २०२४ मध्ये नुसत्या प्रवेशालाच ३८५ युरो पडत होते. तेव्हा तो टीव्हीवर बघा आणि ऑपेराला दुसऱ्या एखाद्या संध्याकाळी जा.

ही इमारत १८६९ ची. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली, १९५५ मध्ये पुन्हा उघडली. इथली खरी लॉटरी म्हणजे उभ्याने बघायची तिकिटं. खुर्चीच्या तुलनेत अगदी स्वस्त आणि खालच्या मजल्यावरून तर रंगमंच थेट समोर. जागा पकडायची पूर्वीची पद्धत आपल्या एसटीतल्या रुमालासारखीच होती: कठड्याला स्कार्फ बांधायचा आणि निर्धास्त फिरून यायचं!

दिवसा काय? टाऊन हॉलसमोर जानेवारीच्या उत्तरार्धात आइस स्केटिंगचं मैदान तयार होतं. दमलात की जवळच्या कॉफीहाऊसमध्ये शिरा. एका कपावर तासभर पेपर वाचत बसलात तरी कोणी उठवत नाही. सोबत क्राप्फेन मागवा. आत जर्दाळूचा जॅम असलेला हा डोनट म्हणजे या सीझनचा खास खाऊ.

जाण्याआधी एवढं बघा

• बॉलची तिकिटं आधीच काढा आणि ड्रेसकोड नीट वाचा. पुरुषांना टक्सिडो भाड्याने मिळतो, बायकांना पायघोळ पेहराव हवा.

• वॉल्ट्झ येत नाही? तिथल्या डान्स स्कूलमध्ये झटपट क्लास असतात.

• थंडी शून्याच्या आसपास. थर्मल्स हवेतच.

• दुसऱ्या दिवशी सकाळचं काही ठरवू नका. पहाटे बॉल संपल्यावर गाउनमध्येच टपरीवर सॉसेज खायचं, ही इथली रीत आहे!