फोटोच्या मागचं नाव

मुलांनो, जालन्याहून दक्षिणेकडे निघालात की एस.टी. तुम्हाला अंबडला आणून सोडते. गावाजवळ एक टेकडी आहे, माशाच्या आकाराची! म्हणून तिच्यावरच्या देवीचं नाव मत्स्योदरी. नवरात्रात इथे मोठी यात्रा भरते. गावात पायऱ्यापायऱ्यांची जुनी पुष्करणी बारवही आहे. पाहुणे एवढं बघतात आणि परत जातात. मी मात्र आज तुम्हाला तिसरीच जागा दाखवणार आहे. आमचा चौथीचा वर्ग!

एका शुक्रवारी मी मुलांना म्हटलं, "उद्या घरातली एक जुनी वस्तू आणा. पण ती कोणाची, कशासाठी होती, हे विचारून यायचं."

शनिवारी टेबल भरून गेलं. काच फुटलेला कंदील, अडकित्ता, फिरकीचा तांब्या. एकाने तर जात्याचा नुसता खुंटा आणला. "सर, जातं उचलंना!" म्हणाला. एका मुलीच्या डबीत चारमिनारचं चित्र असलेलं नाणं निघालं. ते निजामाचं. सप्टेंबर 1948 पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता ना!

सगळ्यात धमाल आली ती मापांची. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मग पायलीत चिपटी किती? सोळा! पोरांनी ज्वारी ओतून मोजलं, तेव्हाच खरं मानलं. निम्मी ज्वारी फरशीवर सांडली, ती गोष्ट वेगळी. 1958 पासून आपल्या देशात टप्प्याटप्प्याने किलो-लिटर आले आणि ही मापं माळ्यावर गेली. आमच्या घरची पितळी पायली तर मोडीत गेली. मीच सायकलवर नेऊन घातली होती, कॉलेजात असताना. आलेल्या पैशांचं काय केलं, तेही आता आठवत नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी असेच अडकित्ते, दिवे, भांडी आयुष्यभर गोळा केली आणि 1975 मध्ये सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. पुण्याला गेलात तर राजा केळकर संग्रहालय जरूर बघा.

शेवटी एक मुलगी पुढे आली. तिच्या वहीत एक पिवळट फोटो होता. मागे रंगवलेला पडदा, खुर्चीत फेटेवाले आजोबा, शेजारी डोक्यावर पदर घेतलेली बाई. दोघंही अगदी ताठ! निजामाच्या दरबारात राजा दीनदयाळांसारखे नामांकित छायाचित्रकार होते, पण साध्या माणसाचा फोटो निघायचा जन्मात एखाद्या वेळी. हललं की चित्र पुसट व्हायचं. मग हसणार कोण?

"ही कोण गं?"

"पप्पांची पणजी. माय."

"नाव काय तिचं?"

"मायच."

फोटोच्या मागे शाईने उर्दूत एक ओळ होती. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत चाले, शाळेतही उर्दू शिकावी लागे. घरात आता ती कोणालाच वाचता येत नव्हती. संध्याकाळी मी, ती मुलगी आणि तिचे वडील गल्लीतल्या एका म्हाताऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, फोटो उजेडात धरला आणि सावकाश एका बाईचं नाव वाचलं. पुढे 'अंबड'. एवढंच.

मुलीचे वडील गप्प झाले. मग म्हणाले, "मी हिच्या मांडीवर खेळलोय. पण नाव आज कळलं."

तुमच्या घरीही असे फोटो असतील. त्यांच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाबाची खूण पुढे उमटते. मऊ पेन्सिल घ्या. कोण, कुठे, कधी, एवढं लिहा. उन्हात आणि ओलीत ठेवू नका. आणि विचारायचं असेल तर आज्जीला आजच विचारा, परीक्षा संपल्यावर नको.

त्या रात्री मी आमची पत्र्याची पेटी उघडली. एका फोटोत विहिरीच्या काठावर चार बाया उभ्या आहेत. पहिली माझी आजी, दुसरी तिची जाऊ, चौथी आत्या. तिसरी खळखळून हसते आहे. पेन्सिल हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. तीन नावं लिहिली.