येडशीच्या दोन सरहद्दी

बार्शीहून लातूरकडे निघालेला प्रवासी येडशीला क्वचितच थांबतो. थांबलाच तर रामलिंगासाठी. बालाघाटाच्या डोंगरात एक दरी, दरीच्या तळाशी महादेवाचे जुने देऊळ, पावसाळ्यात शेजारी कोसळणारा धबधबा आणि बारा महिने नारळावर टपलेली माकडे, एवढे या स्थळाचे वैभव! सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाचे विमान जटायूने अडवले आणि पंख छाटले जाऊन तो येथेच पडला, असे गावकरी सांगतात. म्हणजे विमानातल्या उतारूची चौकशी करण्याचा जगातला पहिला प्रयत्न येडशीच्या नावावर जमा आहे म्हणायचा!

गंमत बाजूला ठेवली तरी सरहद्द म्हणजे काय, हे या गावाला जुने ठाऊक आहे. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, तर येडशी निजामाच्या. कॅलथ्रॉपसाहेबांची अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला आली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. गाडी डुलत डुलत सरहद्द ओलांडून जाई. उतारूंचे तसे नव्हते. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली शिक्का. सहा कलदार मोजावेत तेव्हा सात हाली हाती यावेत. टपालाची तिकिटे निराळी, आणि जकातीचे खातेही निराळे. त्याचे नाव करोडगिरी.

आमच्या आत्याबाई १९४७ साली लग्न होऊन बार्शीकडून येडशीला आल्या. नाक्यावरच्या शिपायाने त्यांची ट्रंक उघडून एकेक लुगडे झटकून पाहिले. "माहेर सुटल्याचं रडू दाबलं होतं, ते तिथं फुटलं," असे त्या सांगतात.

या आत्याबाईंचा नातू लंडनला नोकरीला. २३ मार्च २०२० पासून भारतात येणारी-जाणारी नेहमीची विमाने बंद झाली. पुढे वंदे भारतची आणि देशादेशांतल्या करारांची विमाने सुरू झाली खरी, पण एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत आजोबा गेले आणि त्याच महिन्यात ब्रिटनने भारताला लाल यादीत घातले. भारतातून परतणाऱ्याने सरकारने नेमलेल्या हॉटेलात दहा दिवस कोंडून घ्यायचे आणि त्यासाठी १७५० पौंड स्वतःच मोजायचे, असा नियम. नातवाने आजोबांचे अंत्यदर्शन मोबाईलवर घेतले.

ऑगस्टमध्ये भारताचे नाव लाल यादीतून निघाले. पोराने डिसेंबरची रजा घेतली, तिकीट काढले, आणि ओमायक्रॉन अवतरला! १ डिसेंबर २०२१ पासून ब्रिटनसारख्या देशांतून भारतात येणाऱ्यांसाठी नवे नियम आले. निघण्यापूर्वीच्या ७२ तासांतली आरटीपीसीआर चाचणी, गेल्या चौदा दिवसांच्या प्रवासाचा तपशील, उतरल्यावर पुन्हा चाचणी, अहवाल येईपर्यंत विमानतळावरच मुक्काम, मग घरी सात दिवस अलग राहणे आणि आठव्या दिवशी आणखी एक चाचणी. ७२ तासांचे हे गणित लग्नमुहूर्तापेक्षा अवघड. नमुना लवकर द्यावा तर मुदत टळते, उशिरा द्यावा तर अहवाल हाती पडत नाही. त्यातून अहवालावर नावातले एक अक्षर चुकलेले. काउंटरवरच्या बाईंनी त्याला रांगेबाहेर उभे केले. सुटका झाली तेव्हा विमानाचे दार बंद होण्याच्या बेतात होते.

अखेर स्वारी येडशीला पोचली आणि थेट माडीवर गेली. जेवणाचे ताट जिन्यावर ठेवायचे, आणि बोलायचे ते खिडकीतून. आत्याबाई अंगणात खुर्ची टाकून बसत आणि म्हणत, "सात समुद्र ओलांडलेस रे बाबा, आता या चार पायऱ्या तेवढ्या राहिल्या!"

त्यांना ट्रंकवाला शिपाई आठवला, यात नवल नाही. पण दोन्ही पहारे सारखे नव्हेत. करोडगिरीचा पहारा निजामाच्या तिजोरीसाठी होता. हा नव्वदीकडे झुकलेल्या त्या बाईच्याच जिवासाठी होता. कुर्डुवाडीची गाडी सुरू झाली त्याच १८९७ साली प्लेगपायी साथरोग कायदा झाला, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने तोच पुन्हा बाहेर काढला. कायदा शहाणा असेल. पण उंबरठ्याशी अडवलेल्या माणसाला पहारेकऱ्याचा हेतू दिसत नाही, फक्त त्याचा आडवा हात दिसतो.

आठव्या दिवशीची चाचणी निर्दोष निघाली. पोरगा खाली उतरला. आत्याबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, भिंतीवरच्या आजोबांच्या तसबिरीकडे पाहिले आणि डोळे पुसत म्हणाल्या, "उघड आता तुझी ट्रंक! बघू दे करोडगिरीला काय आणलंस ते."

निजामाची सत्ता सप्टेंबर १९४८ मध्ये संपली आणि १९५६ साली हा जिल्हा मुंबई राज्यात आला. २७ मार्च २०२२ रोजी नेहमीची विमाने पुन्हा उडू लागली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रवाशांना भरावा लागणारा तो अर्जही बंद झाला. आज बार्शीहून येताना निजामाची हद्द कोठे लागत असे, हे एसटीतल्या कोणाच्या ध्यानातही येत नाही. सरहद्दी अशा पुसल्या जातात. मात्र त्यांच्यापायी हुकलेल्या भेटी कोणत्याही सरकारला परत करता येत नाहीत.