विस्तव राखणे

मातीच्या चुलीत लाकूड दोन टप्प्यांनी जळते. तापमान 250 ते 300 अंश सेल्सियसच्या पुढे गेले की लाकडातून वायू सुटू लागतात आणि ते पेटून जाळ होतो. कोरड्या लाकडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्तच भाग असा निघून जातो. मागे उरतो तो कोळसा, आणि त्याचाच निखारा होतो. भात शिजतो जाळावर. भाकरी फुगते आणि दूध आटते ते निखाऱ्यावर. चूल जास्त वेळ चालवायची तर लांबवायचा तो हा दुसरा टप्पा. पेटत्या लाकडाची हवा कोंडून जाळ लांबवू पाहणे फसवे असते: वायू न जळता धूर होऊन जातात, डोळे चुरचुरतात आणि लाकूड संपायचे ते संपतेच.

ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. त्यातल्या प्रत्येक किलोची वाफ होताना 2 मेगाज्यूलहून अधिक उष्णता खर्ची पडते, आणि ती चुलीतलीच असते. म्हणून पावसाळ्याची बेगमी उन्हाळ्यातच करतात. सरपण फोडून, उन्हात वाळवून पडवीत रचतात. न फोडलेला ओंडका सालीआड ओल धरून बसतो.

बाभूळ, धावडा, खैर, चिंच ही जड लाकडे. त्यांचा निखारा टणक आणि चिवट. पांगारा, सावर, शेवगा भडकन पेटतात आणि राख होतात. तुराट्या, पऱ्हाट्या, चिपाडे पेटवणापुरतीच.

खरे कसब मात्र लाकडे मांडण्यात आहे. एकटे लाकूड सहसा विझत जाते. दोन लाकडांच्या जळत्या बाजू समोरासमोर आल्या की एकीची धग दुसरीला मिळते आणि दोन्ही पेटती राहतात. म्हणून आच कमी करायची तर तोंडाशी फळी लावण्यापेक्षा लाकडे एकमेकांपासून दूर सारावीत, किंवा एक मागे ओढावे. जाड ओंडका अख्खा आत न कोंबता टोक आत, बुंधा बाहेर असा ठेवतात आणि जळेल तसा पुढे सरकवतात. त्याच वजनाच्या बारीक फाट्यांना हवा लागणारे अंग कितीतरी जास्त, म्हणून त्या झरझर संपतात. बाहेरच्या बुंध्यावर लक्ष हवे. जवळ वाळत घातलेले सरपण पेट घेऊ शकते.

रात्री विस्तव पुरायचा तो जाळ आणि धूर पूर्ण थांबल्यावर. निखारे चुलीच्या मागच्या बाजूला एकत्र लोटायचे, मोठे मध्ये, बारीक भोवती. हवी तर वर वाळकी गोवरी. त्यावर कोरडी, बारीक राख चार बोटे पसरायची. राख उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही आणि हवाही अगदी थोडी आत सोडते, त्यामुळे निखारा विझत नाही आणि भरभर जळतही नाही. थर पातळ असला तर पहाटेपर्यंत सगळे खाक होते, फार जाड असला तर गुदमरते. वर लाल दिसू लागले की आणखी राख टाकावी. यासाठी चूल रोज तळापर्यंत साफ करू नये. वीतभर जागा मोकळी ठेवून जुनी राख आत राहू द्यावी. सकाळी राख बाजूला करून निखाऱ्यावर नारळाचे वाळके सोडण ठेवले आणि फुंकणीने हळू फुंकले की जाळ धरतो. काडेपेटी घरोघरी पोहोचण्यापूर्वी असा विस्तव शेजारीही गोवरीवर मागून नेत.

एक धोका मात्र कमी लेखू नये. पुरलेल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. कौलारू घरातल्या फटींतून तो बराचसा निघून जाई. स्लॅबच्या बंद खोलीत विस्तव पुरून तिथेच झोपणे टाळलेच पाहिजे. अशा घरात उरलेले निखारे बाहेर उघड्यावर नेऊन, घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात कोंडून विझवावेत. मिळालेला कोळसा दुसऱ्या दिवशी बाहेरच्या शेगडीला चालतो.