‘थांबू शकते’ हे कोण ठरवणार?

३१ जानेवारी २०२० रोजी ‘मूकनायक’ला १०० वर्षे झाली. त्याच्या आदल्याच दिवशी केरळमध्ये देशातला पहिला कोरोना रुग्ण सापडला होता. बाबासाहेबांनी मुक्यांना आवाज दिला. पण व्यवस्थाच बहिरी असेल तर तो आवाज जाणार कुठे? पुढची दोन वर्षे बोईसर-तारापूरच्या कामगार वस्तीत आम्ही हा प्रश्न विचारत होतो. आणि इथे तो खरोखरच कानाचा प्रश्न होता.

आमच्या वस्तीत कान वाहणे हा आजार मानलाच जात नाही. एका खोलीत सहा-सात माणसे, बारमाही सर्दी आणि पोराचा कान फुटला की तेलाचे दोन थेंब. पुढे पडद्याला भोक पडते, ऐकू कमी येते आणि पोरगा वर्गात ‘मठ्ठ’ ठरतो. काहींच्या कानातला रोग हाड कुरतडत आत जातो, तो मेंदूपर्यंतही पोहोचू शकतो. तिथे शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही.

आमच्या शेजारच्या एका ठेका कामगाराच्या मुलाला मुंबईच्या एका रुग्णालयात एप्रिल २०२० ची तारीख मिळाली होती. टाळेबंदीत ती गेली.

याचा दोष आम्ही डॉक्टरांना देत नाही. हा विषाणू नाकात आणि घशात मुक्काम करतो. कानामागच्या हाडावर ड्रिल चालवले की तुषार उडतात. म्हणजे कान-नाक-घसा तज्ज्ञ थेट धोक्याच्या तोंडाशी उभा. म्हणून तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया जगभर थांबल्या. साथीच्या ऐन भराच्या १२ आठवड्यांत अशा सुमारे २ कोटी ८४ लाख शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबणीवर पडतील, असा अंदाज संशोधकांनी मे २०२० मध्येच मांडला होता.

प्रश्न थांबवण्याचा नाही, थांबवल्यानंतरचा आहे. ‘थांबू शकते’ हे डॉक्टर ठरवतो. पण ‘किती काळ’ हे खिसा, पत्ता आणि जात ठरवते. ज्याच्याकडे गाडी आणि पैसा होता, त्याने खासगीत लवकर तारीख मिळवली. आमच्या माणसाचा दवाखान्याचा रस्ता म्हणजे रेल्वे. १५ जून २०२० पासून लोकल धावू लागली ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. सर्वसामान्यांना ती १ फेब्रुवारी २०२१ ला मिळाली, तीही ठरावीक वेळेत. एप्रिलमध्ये पुन्हा बंद! त्यानंतर काळ्या बुरशीची साथ आली आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर तिकडे गुंतले. आमच्या पोराचा कान मात्र वाहतच राहिला. शाळा मोबाइलवर, समोरच्याचे ओठ मास्कआड. कमी ऐकणाऱ्याने शिकायचे कसे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच ना, असे कोणी म्हणेल. आहे. पण कागदावरच्या योजनेने शंभर किलोमीटरचे अंतर कापले जात नाही, की बुडालेला रोज भरून निघत नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, तो शासन लोकांच्या दारी यावे म्हणूनच ना? मग कानाच्या पडद्यासाठी आजही मुंबईच का गाठायची?

आमच्या मागण्या साध्या आहेत. साथीच्या काळात शस्त्रक्रिया पुढे ढकलली तर रुग्णाला लेखी नोंद आणि क्रमांक द्या. साथ ओसरली की त्याच क्रमाने रुग्णालयानेच त्याला बोलवावे. त्याने पुन्हा रांगेच्या शेपटाला उभे राहू नये. जिल्ह्यातच कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियेची सोय करा. कामगार वस्त्यांतल्या शाळांमध्ये दरवर्षी कान तपासा.

ही भीक नाही. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्यांनी कोणाला ‘तू थांबू शकतोस’ असे म्हटले नाही. त्यांचे नाव घेणाऱ्या शासनाने आमच्या माणसांना आणखी किती थांबवायचे, याचे उत्तर द्यावे.

जय भीम!