आईची कात्री

आमच्या आईची एक जुनी कात्री आहे. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याजवळच्या आमच्या घरी दर दिवाळीला तिने याच कात्रीने आम्हां भावंडांचे सदरे बेतले. काम आटोपले की पाती मिटून ती त्यांवर दोरी गुंडाळायची. “पोरायच्या हाती उघडी कातर नोको,” म्हणायची.

गेल्या दिवाळीत कात्री सापडेना. अखेर मिळाली ती तांदळाच्या डब्यात. चिंध्यांत बांधलेली, गाठींवर गाठी मारलेली. मी आईवर ओरडलो. ती नुसती बघत राहिली. कात्री कोणाची, हेच तिला आठवत नव्हते. पुढे डॉक्टरांनी अल्झायमर हे नाव सांगितले. त्या ओरडण्याची लाज मला अजून वाटते.

मग मी पुस्तके चाळू लागलो. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टराने १९०६ साली एका विसराळू झालेल्या स्त्रीच्या मेंदूतील विकृती मांडली. तिच्या मेंदूत जागोजागी साका धरला होता. तो अमायलॉइड नावाच्या प्रथिनतुकड्यांचा असतो, हे पुढे कळले.

शरीरातही कात्र्या असतात, बरे का! प्रथिने कापणारी विकरे, म्हणजे एन्झाइम. त्यांनी भलतेच कापू नये म्हणून त्यांना आवरणारी दुसरी प्रथिने असतात. थेट आईची दोरीच. आमच्या शेतातल्या सोयाबीनमध्येही अशी दोरी असते, म्हणून ते कच्चे खाल्ले तर नीट पचत नाही.

१९८८ साली अमेरिकेत कार्मेला अब्राहम, डेनिस सेल्को आणि हंटिंग्टन पॉटर यांना मेंदूतल्या त्या साक्यातच अशी एक दोरी सापडली. तिचे नाव अल्फा-१-अँटिकायमोट्रिप्सिन. पुढे परीक्षानळीत दिसले, की अमायलॉइडचे तंतू जुळायला ती हातभारच लावते. रोगाचे सारे मूळ तिच्यात आहे, असे नव्हे. पण राखणीसाठी आलेली दोरीच गुंत्यात सामील व्हावी, हे वाचून मला तांदळाचा डबा आठवला. आईनेही राखणच केली होती. कात्री विसरली, तरी पोरांचे बोट कापू नये ही काळजी विसरली नव्हती.

यंदा मी कात्री आणि दोरी तिच्यापुढे ठेवली. तिने पाती मिटली, दोरी गुंडाळली, गाठ मारली. मग आणखी एक. मग आणखी.

मी मोजल्या नाहीत.