झाकण लावण्याआधी

वडखळच्या हवेत मीठ आहे. धरमतरच्या खाडीवरून येणारा वारा दाराच्या कड्या, सायकलींच्या साखळ्या आणि विजेच्या पेट्या सारख्याच निष्ठेने खात असतो. माझे वडील या गावात आणि आसपासच्या वाड्यांत चाळीस वर्षे वायरमन म्हणून हिंडले. बिघाड शोधताना ते तारेच्या सरळ भागाकडे फारसे पाहत नसत. ती जिथे वळते, पत्र्याच्या भोकातून आत शिरते किंवा दुसरीला जोडली जाते, तिथे आधी हात घालत. "वायर आपोआप नाय जलत. कुठंतरी घासते, मंग जलते," हे त्यांचे सगळे विद्युतशास्त्र. पत्र्याच्या प्रत्येक भोकाला ते रबराचे कडे बसवीत. गिऱ्हाइकाला ते कधी दिसणार नाही, हे ठाऊक असूनही.

मी नववीत असताना, एका पावसाळ्यात, त्यांनी आमच्याच घरातला बोर्ड उघडला. एक बटण बदलले, तारा आत दाबल्या आणि लोखंडी झाकण लावले. एका स्क्रूचे टोक तारेच्या आवरणावर टेकले होते, ते त्यांच्या ध्यानात आले नाही. दिवे लागत होते, पंखा फिरत होता. तीन महिन्यांनी आईचा ओला हात त्या झाकणाला लागला. ती वाचली, पण उजव्या हाताची दोन बोटे तिला पुढे कधी नीट मिटता आली नाहीत. वडिलांनी बोर्ड पुन्हा उघडला, तो स्क्रू पाहिला आणि ते बराच वेळ तिथेच उभे राहिले. दुरुस्ती करता करता त्यांनी स्वतःच बिघाड पेरला होता.

साहित्य शिकवणाऱ्या माणसाने अंतराळयानांच्या तारांविषयी का वाचावे, असे मला विद्यार्थी विचारतात. माझ्यापुरते उत्तर तो स्क्रू आहे.

२३ जुलै १९९९ रोजी 'कोलंबिया' हे अमेरिकी अवकाशयान, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव ल्यालेली 'चंद्रा' क्ष-किरण वेधशाळा घेऊन उडाले. अवघ्या पाच सेकंदांत एका तारेत शॉर्टसर्किट झाले आणि तीनपैकी दोन मुख्य इंजिनांचा एकेक नियंत्रक बंद पडला. प्रत्येक इंजिनाला दुसरा नियंत्रक होता, म्हणून मोहीम तरली. परतल्यावर पाहिले, तर एका स्क्रूच्या माथ्यावरच्या खरखरीत कडेवर तारेचे आवरण घासून गेले होते. वृत्तान्ताच्या या ओळीशी मी थांबलो. कोठे ते यान, आणि कोठे आमचा बोर्ड!

त्यानंतर सगळ्या यानांची उड्डाणे थांबवून तारा तपासल्या गेल्या. एकेका यानात ३०० किलोमीटरहून अधिक तार होती. तपासणीत आढळलेल्या इजांपैकी बहुतेक देखभालीच्या कामातच झालेल्या होत्या: माणसे आत शिरली होती, तारांच्या जुडग्यांवर पाय पडले होते, हत्यारे टेकली होती. उपाय साधेच होते. स्क्रूच्या धारा घासून गुळगुळीत करणे, तारांवर संरक्षक नळ्या चढवणे, पाय पडेल तिथे आच्छादन घालणे. पुढचे उड्डाण डिसेंबरमध्ये झाले.

आपल्याकडचे उदाहरण वेगळ्या जातीचे, पण त्याच घराण्यातले. २५ डिसेंबर २०१० रोजी श्रीहरिकोटाहून 'जीएसएलव्ही-एफ०६' उडाले. उड्डाणाला पन्नास सेकंदही झाले नव्हते, तोच क्रायोजेनिक टप्प्याच्या तळाशी असलेले दहा कनेक्टर निसटले. ते २९२व्या सेकंदाला, आज्ञा मिळाल्यावरच सुटायचे होते. वरच्या संगणकाच्या आज्ञा खालच्या टप्प्यापर्यंत पोहोचेनात; अग्निबाण भरकटला आणि ६४व्या सेकंदाला तो नष्ट करावा लागला. पुढच्या चौकशीत त्या टप्प्याचे बाह्य आवरण विरूपित झाल्याने कनेक्टर ओढले गेले, असा निष्कर्ष निघाला. संगणक शाबूत होता, इंजिनेही शाबूत होती. तुटला होता तो दोहोंमधला दुवा.

म्हणून मला वाटते, रचनाकाराने केवळ यंत्राचा विचार करून भागत नाही. उद्या ते उघडणाऱ्या, घाईत असलेल्या, दमलेल्या माणसाचाही विचार त्याला करावा लागतो. पर्यायी तार मूळ तारेच्याच जुडग्यात बांधली, तर एकच पाय दोघींना चिरडतो. ती वेगळ्या वाटेने न्यावी लागते. आणि दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःच्या हातावर संशय घ्यायला शिकावे लागते. दुसऱ्याच्या मजकुरात हात घालणाऱ्या आम्हा मास्तरांनाही हे लागू पडते. पण तिथे कोणाची बोटे जात नाहीत, एवढा फरक मी विसरू इच्छीत नाही.

त्या पावसाळ्यानंतर वडिलांच्या कामात एकच बदल झाला. झाकण लावण्याआधी ते वीज बंद आहे ना ते पुन्हा पाहत आणि प्रत्येक तारेवरून सावकाश बोट फिरवीत. गिऱ्हाइके कंटाळत. आई मात्र दारात उभी राहून त्यांच्या बोटाकडे पाहत असे, आणि ते फिरून होईपर्यंत काही बोलत नसे.